गच्चीवरच्या सळईस अनावृत पत्र

प्रति,
आदरणीय सळईताई (12 मिमी) व सोबतच्या भगिनी,
कॉलमच्या डोक्यावर, तळमजल्याची गच्ची,
डिंडोली, सुरत.

सा. न. वि. वि.

पत्र अनावृत आहे, राग नसावा. आपणही इतकी वर्षं अनावृतच उभ्या आहात. खालचा स्लॅब भरला त्या दिवशी मिस्त्रीनं आपल्याला तीन फूट मोकळं सोडलं आणि घरच्यांना सांगितलं, "पुढच्या वर्षी वरचा माळा घेऊन टाकू." आपली पिढी साधारण 2005 ची धरू. ते पुढचं वर्ष अजून यायचं आहे.

कोणाच्या गच्चीवरच्या, असं कुणी विचारेल. डिंडोली, लिंबायत, गोडादरा, नवागाम या पट्ट्यात बारा-पंधरा फूट रुंदीच्या प्लॉटवर जळगाव, धुळे, नंदुरबारकडची जी मंडळी राहतात, त्यांच्यातलं कुठलंही घर घ्यावं. उधना ते जळगाव रेल्वेमार्ग 300 किलोमीटरच्या थोडा वर. गावी तापी मागे टाकून आलेला माणूस इथं उतरतो, तर तापी त्याच्याआधीच पोहोचलेली असते. 1664 आणि 1670 साली सुरतेत आलेले मराठे काम उरकून परत गेले. हे मात्र राहिले आणि आता महापालिकेचं वेराबिल, म्हणजे घरपट्टी, भरतात.

गावाकडे यांचं धाब्याचं घर होतं. पावसाळ्याच्या तोंडावर सगळं घर धाब्यावर चढायचं, पांढरी माती पसरायचं, चोपायचं. तीच सवय सुरतेत आली. मातीच्या जागी रेती आणि कपची आली एवढंच. खडीला इथं कपची म्हणतात, हे घरातल्या थोरल्या भावाला पहिल्या ट्रॅक्टरच्या वेळी कळलं.

आता आपल्या रखडण्याचा हिशेब. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या घरात पाणी सुटलं आणि शहराचा मोठा भाग बुडाला. हजारो कुटुंबांनी गच्चीवर दिवस काढले. वरचा मजला हवाच, हे तेव्हाच घरोघरी पक्कं झालं. फक्त त्यासाठी ठेवलेले पैसे चिखल उपसण्यात गेले. लिंबायतकडे तर तापीची वाट बघावी लागत नाही, मिठी खाडी तुंबली की 'खाडीपूर' उंबऱ्यात. पुढं 2016 च्या नोव्हेंबरात डाळीच्या डब्यातली भिशीची रक्कम एका रात्रीत बँकेच्या रांगेत उभी राहिली. 2017 च्या 1 जुलैला जीएसटी आला, कापड व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवला, आणि बाजार बंद तर लूम बंद, लूम बंद तर पगार बंद. सिमेंटला त्या वेळी 28 टक्क्यांच्या रांगेत, पान मसाल्याच्या शेजारी बसवलं होतं. ते 18 वर यायला 2025 चा सप्टेंबर उजाडला. मधल्या 2020 बद्दल आपल्याला काय सांगावं? सगळी गल्ली गावी गेली तेव्हा राखण आपणच केलीत.

एवढं होऊनही काम थांबलं असं कुणी म्हणू नये. घरात तीन मिळवते आणि चार पाळ्या आहेत. थोरला लूमच्या खात्यात रात्रपाळीला, सात ते सात. तो सकाळी येऊन डोळे मिटतो तोच डोक्यावर सेंटरिंगवाल्याचा हातोडा सुरू. धाकटा दिवसपाळीचा, त्यामुळे रेतीचा ट्रॅक्टर कायम त्याच्या गैरहजेरीत येतो आणि पाट्या वहिनींच्या डोक्यावर चढतात. वहिनी घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवतात, नगावर पैसे. रेतीची धूळ साडीला लागली की माल परत येतो, म्हणून चाळणी आणि टिकल्या यांच्यामध्ये जुनी चादर टांगलेली असते. नळाला पाणी ठरल्या वेळी. त्यात धुणं आधी की नव्या बांधकामावर पाणी मारणं आधी, यावर सासू-सुनेचं रोज मतदान होतं. प्रमाणग्रंथ सांगतात की साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओलावा हवा. मायनं तो ग्रंथ पाहिलेला नाही, पण ती पंधरा दिवस पाइप सोडत नाही.

धाकट्याच्या दहावीतल्या पुतण्याकडे हिशेबखातं. सळईच्या जाडीचा वर्ग करून 162 नं भागलं की मीटरमागे किलो निघतात, हे त्याला मिस्त्रीनं शिकवलं. बारा गुणिले बारा 144, म्हणजे मीटरला 0.89 किलो; बारा मीटरचा अख्खा गज साडेदहा किलोच्या थोडा वर. वजनकाट्यापुढं त्यानं हे म्हणून दाखवलं तेव्हा दुकानदारानं काटा पुसून पुन्हा वजन केलं. गणितात पोराचे गुण किती, हे त्या दिवशी कुणी काढलं नाही.

आपलंही बिनपगारी काम बरंच झालं. धुण्याची दोरी आपल्यालाच. पाडव्याची गुढी आपल्याला बांधलेली, आणि 14 जानेवारीला अख्ख्या सोसायटीचे पतंग आपल्यातच अडकलेले. डोक्यावर उलटी बाटली, कमरेला काळी बाहुली. डिश अँटेना आली तेव्हा तर आपल्यावाचून मालिकाच दिसत नव्हत्या.

पण एक तक्रार आहे आणि ती थट्टेची नाही. आपण गंजत आहात. समुद्राकडून येणारी सुरतेची दमट हवा लोखंड सोडत नाही. नवी सळई जोडताना जाडीच्या साधारण पन्नास पट लांबी एकमेकींवर यावी लागते, म्हणजे 12 मिमीला दोन फूट. त्यातली फूटभर गंजानं पापुद्रे धरून बसली असेल तर वरचा माळा कशाला धरून उभा राहणार? 2024 च्या जुलैमध्ये सुरतच्या सचिन भागाजवळच्या पाली गावात बहुमजली इमारत कोसळून सात जण गेले. इमारत काही शतकभराची नव्हती. तारेच्या ब्रशनं घासून सिमेंटचा पातळ घोळ लावायला एका रविवारची दुपार पुरते. दोघा भावांचे वडील, आबा, दर रविवारी ब्रश हुडकतात. तो कुणी लपवला आहे, यावर घरात एकमत नाही.

कागदांचंही तसंच. प्लॉट घेताना शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर सही झाली, शेतजमीन बिनशेती झाली की नाही हे कुणी विचारलं नाही. पंतप्रधान आवास योजनेत स्वतः बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख मिळतात, पण जागेचा कागद चोख हवा. बेकायदा बांधकाम नियमित करायला गुजरातनं 2011 आणि 2022 मध्ये इम्पॅक्ट फीची सोय काढली. फॉर्म आणला, तो आता टिकल्यांच्या डब्याखाली आहे.

वरचा माळा धाकट्याचा, असं ठरलेलं. त्याच्या लग्नात मुलीकडच्यांना आपल्याकडेच बोट दाखवून 'वर खोली निघतेय' असं सांगितलं होतं. आता त्याची मुलगी सहावीत आहे. श्रावणात खानदेशची कानबाई देवी बसते, तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, आणि एका खोलीत अकरा ताटं लावताना कुणाचा तरी पाय कुणाच्या तरी भाजीत जातो. दर वर्षी माय विचारते, "स्लॅब कवय भराना शे?" दर वर्षी दोघं भाऊ एकदम म्हणतात, दिवाळीनंतर. जिना घरातून काढायचा की बाहेरून, हा प्रश्न मात्र दोघंही टाळतात. मिस्त्रीनं एकदा विचारला, तर त्याला चहा देण्यात आला.

तरी या खेपेला भिशी लागली आहे आणि मिक्सरवाल्याला बयाणा गेला आहे. तेव्हा दोरी, डिश आणि बाहुली यांचा ताबा मोकळा करून द्यावा, ही विनंती.

आपला,
गल्लीतला एक पत्रलेखक

ता. क. वरच्या स्लॅबमधूनही कॉलम तीन फूट मोकळे सोडायला आबांनी मिस्त्रीला परस्पर सांगितलं आहे. कुणासाठी, ते विचारू नये. धाकटा नातू अजून बालवाडीत आहे.