हायफनमुक्त कोल्हापूर

कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत एकदा इंग्रजी पाट्या वाचत फिरावं. हँड मेड, हँड स्टिच्ड, व्हेजिटेबल टॅन्ड. दोन शब्द मिळून पुढच्या नामाचं विशेषण झाले, की त्यांच्यात हायफन घालावा, असं इंग्रजी व्याकरण सांगतं. आमच्या रंगाऱ्यांनी तो गाळून रंग वाचवला. त्यांचा जाहीर सत्कार व्हायला हवा.

फायदे मोजून बघा. 'हंड्रेड-इयर-ओल्ड शॉप्स' म्हणजे शंभर वर्षांची जुनी दुकानं. यातला पहिला हायफन पुसला, की एकेक वर्षाची शंभर दुकानं होतात. एवढी भरभराट कुठल्या बँकेच्या कर्जानं होते?

'व्हेजिटेबल-टॅन्ड लेदर' म्हणजे झाडापासून मिळणाऱ्या जिनसांनी कमावलेलं कातडं. इथं बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. कातडं भिजवायचं, उलटायचं, घासायचं, वाळवायचं, मग कान, अंगठा, वेणी बसवून चामड्याच्याच वादीनं शिवायचं. हायफन काढला, की 'भाजीनं कातडं कमावलं' असं सरळ वाक्य होतं. कारागिराचे सगळे कष्ट एका रेघेबरोबर वाचले.

मराठीला ही सवलत नाही. 'हातानं शिवलेली' म्हटलं, की त्या 'नं'मधून हात दिसतोच, तो पुसता येत नाही. इंग्रजीत असे प्रत्यय उरले नाहीत. कोणता शब्द कोणाशी जोडायचा, हे तिथं बिचाऱ्या रेघेला सांगावं लागतं. शिवाय विशेषण नामानंतर आलं, की 'वेल-नोन'मधली रेघ इंग्रजीवाले स्वतःच बहुधा सोडून देतात. मग आपणच ती का जपावी?

गाळण्याच्या या विद्येत इटली मात्र आपल्या पुढं गेली. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. जून 2025 मध्ये मिलानला प्राडा या फॅशन कंपनीनं तशाच चपला मंचावर आणल्या, तेव्हा वर्णनात कोल्हापूरचं नावच नव्हतं. आपण रेघ गाळली, त्यांनी अख्खं विशेषण गाळलं. इकडं लोक उगाच चिडले आणि प्राडाला मूळ कुठलं ते कबूल करावं लागलं. चांगली सुरुवात वाया गेली.

तेव्हा दुकानदारांना हात जोडून विनंती: नवी पाटी रंगवताना रंगाऱ्याला बजावून सांगा, हायफन नको. कारागिराचं नाव तर नकोच नको.