ओवीला अडीच टाके : चातुर्मासात गोधडी शिवू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

साहित्य : जुनं नऊवारी लुगडं एक. आत घालायला धोतर, परकर, चादर, घरात असेल ते. जाड दोऱ्याची रिळं, लांब सुया (मोडतात, सहा घ्याव्यात), कात्री, जवळचा चष्मा. चार महिने. नामस्मरण ज्याचं त्यानं घरून आणावं.

कृतीआधी सांगणाऱ्याची लायकी सांगायला हवी. मी अठ्ठावीस वर्षं क्वालिटीत काढली, आधी भोसरीला, मग चाकणला. हातात व्हर्नियर, समोर पार्ट, बाजूला रिजेक्टची लाल पेटी. निवृत्त होऊन आळंदीत राहायला आलो आणि महिन्याभरात पोळीचा व्यास, चहाचं तापमान, सुनेचा झाडू अशा सगळ्यांवर शेरे मारायला लागलो. आत्या ऐंशीच्या पुढची, माळकरी, जगातल्या प्रत्येकाला माउली म्हणणारी. तिनं माझ्यापुढे चिंध्यांचं गाठोडं सोडलं. “माउली, हे सगळं रिजेक्टच आहे. याचं काय करतोस बघ.” आजवर माझ्या नावावर दीड गोधडी आहे. एवढ्या भांडवलावर लोक शिबिरं भरवतात, म्हणून हे धाडस.

मुहूर्ताविषयी. गोधड्या खरं तर चैत्र-वैशाखात शिवायच्या. शेताचं काम सरलेलं असतं, धुतलेलं कापड तासाभरात खडखडीत वाळतं. आषाढात गोधडी काढली की कापडाला कुबट वास ठरलेला. तरी आत्याचा नेम चातुर्मासाचा : आषाढी एकादशीला पहिला टाका, कार्तिकीच्या आत शेवटचा. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी पंढरपूरला निघते आणि गाव पोरकं होतं. हातांना काही काम हवं असतं. पुढे चातुर्मास संपला की पंधरवड्यात, कार्तिक वद्य एकादशीला, सगळा वारकरी इकडे लोटतो. त्रयोदशीला समाधीचा सोहळा. शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, ज्ञानदेव इथं समाधिस्थ झाले. त्या दिवसांत इंद्रायणीकाठची थंडी हाडात शिरते आणि माणसं धर्मशाळेत, मंडपात, दुकानाच्या पायरीवर, जागा मिळेल तिथं आडवी होतात. गोधडी तेव्हा तयार हवी. देवाला ती लागत नाही, परभणीहून आलेल्या म्हाताऱ्याला लागते.

२०२३ साली अधिक श्रावण आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. माझी पहिली गोधडी त्या वाढीव मुदतीत बसली. नवशिक्यांनी पंचांग बघून वर्ष निवडावं.

चार महिने फार वाटत असतील तर चाळीस दिवसांचाही नेम आहे. पिंपरीचे एक ख्रिस्ती स्नेही, कंपनीतले माझे जुने सहकारी, राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन ड्यूटीवर यायचे. तिथून ईस्टरपर्यंत त्यांचा उपवासकाळ. मधले रविवार धरत नाहीत, म्हणून हिशेब चाळीसचा. आपण आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करतो आणि चार महिन्यांचा कांदा एका दिवसात भज्यांतून संपवतो. गोव्यात उपवासकाळाच्या तोंडावर कार्निव्हल करून घेतात. सोडण्याआधी ओरपून घ्यायचं, यात धर्माधर्मांचं एकमत दिसतं. त्याच स्नेह्यांनी सांगितलं की अमेरिकेत काही चर्चमध्ये आजारी माणसासाठी गोधडी करतात आणि तिच्यावर दोऱ्यांची टोकं मोकळी ठेवतात. येणारा प्रत्येक जण एक गाठ मारतो आणि त्या माणसासाठी प्रार्थना करतो. मी आत्याला ही गोष्ट सांगितली. तिला फार आवडली. थोड्या वेळानं म्हणाली, “पण गाठी टोचत असतील रे त्याला.”

आता कापड. सुती घ्यावं, मऊ झालेलं, अंगानं झिजवलेलं. नव्या कापडाची गोधडी करणाऱ्यानं सरळ दुकानातून ब्लँकेट आणावं. पॉलिएस्टर साडीवर सुई सटकते आणि उन्हाळ्यात घाम फुटतो. आळंदीत मंगल कार्यालयं इतकी की आहेरातल्या टॉवेल-टोप्यांनी आणि ब्लाउजपीसांनी कुठलंही कपाट भरलेलं असतं. त्या टॉवेलांतून पलीकडची भिंत दिसते. तरी पोटात घालायला चालतात. ब्लाउजपीस कापू नयेत. त्यांना अजून पाच लग्नं फिरायची असतात. माझ्या कंपनीच्या दोन निळ्या पँटीही मी आत घातल्या. एकीच्या खिशात कँटीनचं कुपन निघालं, वडा-सांबारचं. ते काढलं नाही.

कापड घरीच धुवावं. पूर्वी घाटावर धूत, हे खरं आहे. आता इंद्रायणीवर कधी कधी जो फेस तरंगतो, तो कुणाच्या साबणाचा नसतो. वरच्या कारखान्यांचं आणि वस्त्यांचं न शुद्ध केलेलं पाणी त्यात असतं. ज्या पट्ट्यानं मला अठ्ठावीस वर्षं पगार दिला, तोच हा पट्टा. आमच्याकडे पार्टवर केसाएवढा ओरखडा असला तरी लाल पेटी ठरलेली होती. नाल्यातून काय जातं हे तपासायला मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कधी वाकून पाहिलं नाही. हा विचार मला तिसऱ्या ओळीच्या मध्यावर आला. नवशिक्यांनी अशा वेळी टाका पुरा करावा आणि मगच थांबावं, नाहीतर दोरा निसटतो.

मापं. लुगडं साधारण सव्वाआठ मीटर. त्याचे चार सारखे तुकडे करावेत. दोन-दोन तुकडे काठाला काठ जोडले की दोन मोठे चौकोन होतात, एक खालचा, एक वरचा. मध्ये बाकीचं कापड पसरायचं, सुरकुती न ठेवता, थर सगळीकडे सारखा. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवावं. आत्या पाटा, वरवंटा, तांब्या आणि मला ठेवते. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळं एकमेकांना धरून ठेवायचं. ही पायरी नवशिके गाळतात आणि आठवड्यानं धोतर एका कोपऱ्यात गोळा झालेलं सापडतं.

यानंतर खरी गोधडी. काठापासून धावदोरा घालायचा, ओळीला समांतर ओळ, एक बोट अंतरानं. काही जणी चारी कडांनी फिरत आत आत येतात आणि मध्यावर संपवतात; आत्या त्यातली. हातात सुई, मुखात नाम, अशी ही दुहेरी साधना. मी अर्थातच आधी हिशेब मांडला. सेंटिमीटरला एक टाका, दोन सेंटिमीटरवर एक ओळ, म्हणजे एका गोधडीत बावीस हजारांच्या वर टाके. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजार धरल्या तर ओवीला अडीच टाके पडतात. ओवी असते साडेतीन चरणांची, त्यामुळे दर वेळी एक चरण सुईबाहेर लोंबकळतो. मी कागदावर तक्ता केला : अठरावा अध्याय सर्वांत लांब, तो मधल्या भागाला, बारावा छोटा, तो कोपऱ्याला. आत्यानं तक्ता पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाली, “ओवी म्हणजे ओवणं. तुझा दोरा अजून सुईत गेला नाही.” खरोखरच गेला नव्हता.

शिवाय पोथी बघत शिवता येत नाही. तोंडपाठ हवं. ज्ञानदेवांचा हरिपाठ २७ अभंगांचा आहे, तिथून सुरुवात करावी. पाठ नसेल तर खिडकी उघडावी. आळंदीत कुठला ना कुठला भोंगा तुमच्या वतीनं म्हणतच असतो आणि वारकरी शिक्षण संस्थेतली पोरं संध्याकाळी पाठांतर करत जातात. १९१७ साली जोगमहाराजांनी ही संस्था काढली. तिथं शिकलेल्यांना माझ्याएवढ्या वयाचं कुणी शब्द चुकताना ऐकू आलं, तर रस्त्यातून दुरुस्ती मिळते. एक सावधगिरी : टाळ चढले की हात पळतो, टाके लांब लांब पडतात. माझ्या गोधडीवर बोट फिरवलं तर कुठं भजन रंगलं होतं आणि कुठं लाइट गेली होती, हे कुणालाही सांगता येईल.

चिंतनाबद्दल पुस्तकात जे लिहितात ते बाजूला ठेवावं. पहिल्या आठवड्यात माझं चिंतन असं झालं : पेन्शन, सिलिंडर, गुडघा, शेजाऱ्यानं जिन्यात ठेवलेल्या चपला, धाकटा भाऊ. दुसऱ्या आठवड्यात गुडघा, भाऊ, भाऊ. आत्याला विचारलं, मनात भलतंच येतं, काय करू? “येऊ दे. हात थांबवू नको.” एवढाच तिचा उपदेश, आणि मला वाटतं या विषयात आणखी कुणाला फारसं काही सांगता येत नाही.

धीर हवा असेल तर नामदेवांकडे पाहावं. जन्मानं शिंपी. संतमेळ्यात गोरोबांनी थापटणं घेऊन प्रत्येकाचं डोकं तपासलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही कथा आपल्याकडे पोरंही सांगतात. म्हणजे आमच्या क्वालिटी खात्याची परंपरा तेव्हापासूनची. त्याच कच्च्या मडक्यानं पुढे आळंदीला ज्ञानदेवांच्या समाधीचा प्रसंग अभंगांत सांगून ठेवला. आणि ठिगळांची लाज वाटत असेल तर नाथपंथी जोग्याची कंथा आठवावी, किंवा गाडगेबाबा. अंगावर चिंध्यांचं वस्त्र म्हणून लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतः मात्र उघड्यावर निजले.

कापड कमी पडल्यास. हे सगळ्यांचं होतं, माझंही झालं, दुसऱ्या गोधडीच्या वेळी. वरचं कापड आईचं इरकली लुगडं. खांद्याजवळ पदर विरलेला, कारण तिथं आधी मी झोपायचो, मग धाकटा. आत घालायला वडिलांचं धोतर काढलं तर निम्मंच निघालं. आमची जमीन गेली त्या वर्षी वाटण्या झाल्या. पैशाच्या झाल्या, भांड्यांच्या झाल्या, आणि शेवटी चिडून आम्ही धोतरही मधोमध फाडलं. तेव्हापासून बोलणं नाही. तो चाकणला, मी इथं, मध्ये एका एसटीचं अंतर.

अशा वेळी नवशिके दुसरं कापड घालतात. मी आहेराचे दोन टॉवेल घालून पाहिले. थर बसेना, एक बाजू भाकरीसारखी फुगलेली आणि दुसरी पापडासारखी. आत्या म्हणाली, “धोतराला धोतरच लागेल.” श्रावण असाच गेला. भाद्रपदात, पितृपंधरवड्यात, मी फोन केला. प्रार्थनेचा परिणाम म्हणून नाही, हे नोंदवून ठेवतो. कापड कमी होतं.

“धोतर आहे का तुझ्याकडचं?” मी विचारलं.

पलीकडे बराच वेळ मशीनचा आवाज येत राहिला. “कशाला?”

“गोधडीत घालायला. आईच्या लुगड्याची आहे.”

रविवारी तो आला, धोतर पिशवीत, डांबरगोळ्यांच्या वासाचं. चहा घेतला. जमिनीचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. आत्यानं त्याला उरलेल्या चौथ्या कोपऱ्यावर वजन म्हणून बसवलं. फाटलेल्या कडा जुळेनात. एकाचं टोक चार बोटं लांब भरलं. मी सवयीनं मोजपट्टी काढली तर त्यानं ती बाजूला सरकवली आणि एक कड दुसरीवर चढवून धरली. मी टाके घातले. जाड शिवण आली, पाठीला लागेल अशी.

निघताना उंबऱ्यावर थांबून तो म्हणाला, “झाली की सांग. थंडीचे चार महिने माझ्याकडे राहील.”

मी म्हटलं, आणि मी काय वैशाखात पांघरू?