निघालोच!

उपवासकाळ संपत आला की आमच्या वसईच्या चर्चमध्ये कन्फेशनला रांग लागते. बाकावर सरकत सरकत पुढे जायचं. मी नेहमी शेवटचा, कारण मी उशिरा येतो. आत जाऊन सांगायचं पापही त्याच घराण्यातलं. नुसता उशीर नव्हे हो, तो झाकायला मारलेली थाप.

"निघालोच, पाच मिनिटांत पोचतो!" हे वाक्य मी कमरेला टॉवेल आणि तोंडात टूथब्रश अशा अवस्थेत स्वच्छ म्हणू शकतो. ओठांवर फेस असताना 'पोचतो'मधला 'च' घसरू न देणं ही तीस वर्षांची साधना आहे. एकदा तर फोनमध्ये रिक्षांचे हॉर्न ऐकू जावेत म्हणून खिडकीची काच उघडून उभा राहिलो होतो. ते पाप नव्हतं, कलाकुसर होती.

मोठं पाप सांगताना माणूस निदान थरथरतो. जुन्या, लहान पापाशी घरोबाच होतो. गुडघे टेकले की मी म्हणायचो, "नेहमीचंच, फादर." पलीकडून तीन 'नमो मारिया' मिळायच्या. चौथ्या खेपेला मात्र लाज वाटून शेजारच्या धर्मग्रामात गेलो. तिथेही 'नेहमीचंच' चाललं.

या रोगाचे थोर रुग्ण मी पुस्तकांत हुडकून ठेवलेत, तेवढाच धीर. संत ऑगस्टीननं आपल्या 'कन्फेशन्स'मध्ये लिहून ठेवलंय की देव हाक मारायचा आणि हा गडी 'आत्ता उठतो, जरा वेळ' म्हणत लोळत राहायचा. तो 'जरा वेळ' काही संपेना. शुद्ध आचरण दे, पण एवढ्यात नको, अशीही त्याची मागणी होती. मिलानमधल्या बागेत 386 साली तो एकदाचा उठला आणि पुढच्या ईस्टरला बाप्तिस्मा घेतला. सम्राट कॉन्स्टंटाइन तर बाप्तिस्म्याला पोचला तोच 337 साली, शेवटच्या आजारात. त्या काळी बाप्तिस्म्यानंतर गंभीर पाप घडलं तर प्रायश्चित्त जाहीर, कडक आणि आयुष्यात एकदाच. त्यामुळे पुष्कळ जण आंघोळ मुद्दाम लांबवत. माझ्यासारख्यांवर चर्चचा विश्वास असा नव्हताच: 1215 च्या लॅटरन परिषदेनं वर्षातून एकदा तरी कबुली द्यायलाच हवी, असा नियम केला.

यंदा जाळीआड आवाज तरुण होता.

"नेहमीचंच, फादर."

"नेहमीचं म्हणजे काय? मी नवीन आहे इथे."

सांगावं लागलं. टॉवेल, ब्रश, खिडकी. मोठ्यानं ऐकलं तेव्हा ते मलाच फार बावळट वाटलं. त्यात मला फोनच्या पलीकडची बाजू आठवली: स्टेशनबाहेर मार्चच्या उन्हात उभा असलेला माझा मित्र, दर दोन मिनिटांनी मनगट बघणारा. हा इसम इतक्या वर्षांत माझ्या एकाही कबुलीत आला नव्हता.

मग मी माझी जुनी शंका काढली. पश्चात्तापाच्या प्रार्थनेत पुन्हा पाप न करण्याचा निर्धार सांगायचा. मला तर ठाऊक असतं, सोमवारी पुन्हा टॉवेल आहेच. म्हणजे थापेची माफी मागताना आणखी एक थाप?

फादर जरा वेळ गप्प. "उद्या पडणार नाही, अशी हमी कुणी मागितलेली नाही," ते म्हणाले. "आज निघायचं मनात आहे का, तेवढंच विचारलंय."

प्रायश्चित्त मिळालं ते अख्खी रोझरी. पाच रहस्यं, पन्नास 'नमो मारिया', आणि घाई न करता.

बाकावर येऊन पहिलं रहस्य सुरू करतोय तोच खिशात फोन थरथरला. पोर्चमध्ये जाऊन घेतला.

"कुठे आहात? पाहुणे येऊन बसलेत."

जिभेवर 'निघालोच' तयार होतं. गिळलं. "चर्चमध्येच आहे अजून. निघालो नाही."

पलीकडे शांतता. मग काळजीचा आवाज, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"अगदी ठणठणीत."

"मग किती वेळ लागेल?"

मी हातातल्या माळेकडे पाहिलं. अंगठा दुसऱ्या मण्यावर होता.

"पाच मिनिटं," मी म्हणालो.