तिसरी झेरॉक्स

नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये देशाचे पासपोर्ट छापतात. पहारा कडक. तरी तेलगीने याच प्रेसची भंगारात काढलेली यंत्रे मिळवून बनावट स्टॅम्प पेपरचा बाजार मांडला होता.

आता एवढी यातायात कोण करतो? पंचवटीतल्या लॉजवर यात्रेकरू कुणी मागायच्या आतच आधारची झेरॉक्स पुढे सरकवतो. सिमकार्डवाल्याला दुसरी, ‘असू द्या जवळ’ म्हणून तिसरी. झेरॉक्सवर ‘फक्त लॉजसाठी’ असे लिहून तारीख टाकणारा मात्र संशयित ठरतो. शेवटचे चारच आकडे दाखवणारे मास्क्ड आधार दिले, तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, “काका, नंबर नीट उठला नाही, दुसरी काढून आणा.” खुद्द आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी सरसकट झेरॉक्स वाटू नका असे बजावले. गैरसमज होईल म्हणून दोनच दिवसांत ती सूचना मागेही घेतली गेली. झेरॉक्सवाले निर्धास्त झाले असावेत.

क्रेडिट कार्डाची तऱ्हा वेगळी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिले: फसवणुकीत चूक ना बँकेची, ना ग्राहकाची, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाला भुर्दंड शून्य. ओटीपी स्वतःच सांगून टाकला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच.

पण कळवायला आधी कळायला हवे. दुधाच्या एका खाड्यासाठी कॅलेंडरवर फुली मारणारे घर कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये फक्त ‘किमान देय रक्कम’ वाचते. सायबर फसवणुकीचा १९३० हा नंबर पैसे गेल्याचे कळल्यावरच शोधला जातो, तोही गुगलवर; आणि तिथे पहिला उचलणारा मोठ्या आपुलकीने ओटीपी मागतो.