बबलीचं बाळंतपण

(रंगमंचावर एक पाट, त्यावर पुठ्ठ्याचं खोकं, खोक्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा. ती पदर खोचत येते, तोंडावर बोट ठेवते.)

श्श्श! हळू बोला. आत बाळंतीण हाय.

(थांबून) सून न्हवं वं! ससा. म्हणजे मादी. बबली.

पुण्या-मुंबईचं कोण पाव्हणं बसलं असलं तर आधीच सांगतो, मी बाईच हाय. आमच्या कोल्हापुरात बायका 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणत्यात. एवढ्यावर ज्यांचा गोंधळ झाला त्यांनी सशाच्या वाटंला जाऊच नये. बारक्या सशात नर कुठला न् मादी कुठली, भल्याभल्यांना कळत न्हाई. आम्हाला दोन ससे विकणाऱ्या गड्यानं मात्र एकेकाला उलटं केलं, सडका बटाटा बघावा तसं शेपटीखाली बघितलं आणि म्हणाला, "वैनी, दोन्ही माद्या. गॅरंटी!" आमच्या पोरीनं नावं ठेवली. बबली आणि पिंकी.

एक दिवस बबली तोंडात वाळलं गवत धरून पिंजराभर फिराय लागली. तोंड दोन्हीकडनं झाडूसारखं. मग स्वतःच्याच पोटावरचे केस उपटाय लागली. आमच्या शेजारच्या आक्का आल्या. आक्का म्हणजे गल्लीचं सीपीआर हॉस्पिटल. बिनपैशाचं, चोवीस तास उघडं, आणि पेशंटला विचारायची पद्धत न्हाई.

(आक्का, कमरेवर हात) "अगं, खरूज झालीया तिला! करंजाचं तेल लाव!"

मी तेल आणायला गेलो न्हाई ते बरं झालं. सकाळी बघतोय तर कोपऱ्यात केसांचा ढीग, आणि ढीग हलतोय! आत सात. गुलाबी, उघडी, डोळं मिटलेली, कान डोक्याला चिकटलेले.

(आक्का, वाकून) "अगं बाई, एकालाबी केस न्हाईत! आमच्या घराण्यात असं कवा झालं न्हाई."

आक्का, तुमचं घराणं कुठनं आलं मधी?

मग मी हळूच पिंकीकडं बघितलं. पिंकी तिकडं कोबीचं पान खात बसलेली. म्हणजे, बसलेला. 'आपण ह्या पेठेतलेच न्हाई' असा चेहरा करून. त्या दिवसापासनं पिंकीचं पिंकराव झालं.

आता बाळंतपण म्हटल्यावर आक्कांनी चार्ज घेतला. डिंकाचे लाडू आले. अळिवाची खीर आली. बाळंतशेपा आल्या. शेगडी आली, वर ओवा टाकून धुरी. लुगड्याचा पट्टा फाडून आणला त्यांनी, बबलीचं पोट बांधायला! बबलीनं मागच्या दोन पायांनी अशी लाथ झाडली की खिरीची वाटी थेट मालकांच्या बनियनवर. (मालक म्हणजे आमचं हे. घराचं न्हवं, घर सासूबाईंच्या नावावर हाय.)

आणि मग खरा प्रॉब्लेम झाला. बबली दूध पाजंना.

सकाळ झाली, न्हाई. दुपार झाली, न्हाई. पोरं ह्या टोकाला, आई त्या टोकाला, गाजर खात. आक्कांनी गल्ली गोळा केली. पिंजऱ्याभोवती अकरा बायका. "काळीज हाय का दगड?" "आजकालच्या आया अशाच." आजकालच्या! ससा हाय तो बायांनो, त्याला आजकाल काय न् जुना काळ काय!

आक्कांनी नातवाला गंगावेशीत पिटाळला. म्हशीचं धारोष्ण दूध घेऊन आला, फेसासकट. तेवढ्यात गुरांचे डॉक्टर आले. ते म्हणाले, "म्हशीचं दूध पाजू नका, पिल्लांचं पोट बिघडेल." कोल्हापुरात दुधाला न्हाई? एखाद्या पैलवानाला सांगून बघा! आक्कांनी डॉक्टरांकडं असं बघितलं की डॉक्टर दोन पावलं मागं सरकले. दूध मग मालकच प्याले. मालक काय, कुणाच्याबी बाळंतपणात अंगानं भरत्यात.

मग डॉक्टरांनी एक पिल्लू उचललं, पोट दाखवलं. टम्म! गोल, ताणलेलं. "हे पोट भरलेलं आहे. सुरकुतलेलं असतं तर काळजी. मादी दिवसातनं एकदा, फार तर दोनदा पाजते. रात्री न्हाईतर पहाटे. चार-पाच मिनिटं. बास."

(आक्का, छातीवर हात) "पाच मिनिटं?"

"दूध घट्ट असतंय आक्का. गाईच्या दुधापेक्षा फॅट कितीतरी जास्त. आणि ती मुद्दाम लांब बसते. रानात तिच्या वासावर कोल्हा, मुंगूस पिल्लांपर्यंत पोचू नये म्हणून."

मी बघितलं. इथं कोल्हा न्हाई, मुंगूस न्हाई. आक्का हाय. बबलीचं काय चुकलं?

(प्रेक्षकांकडं येत) बायांनो, पाच मिनिटं! पाच मिनिटं पाजायचं आणि उठून गाजर खायाला जायचं! माझ्या बाळंतपणात पाच मिनिटं मला आंघोळीला मिळत नव्हती. सव्वा महिना त्या खोलीत, बाहेर मे महिना, आत शेगडी. पोरगी रडली की आत्तेसासूबाई म्हणायच्या, "दूध पुरंना हिचं." पोरगी झोपली की, "उठव, पाज." पोरगी गप पडून बघत असली की, "अशी काय बघतीया? दूध पातळ असंल." दारातनंच विचारायच्या, "फॅट किती लागतंय?" मी काय संकलन केंद्र हाय? बबलीला विचारा की फॅट! लाथ बसंल लाथ!

तिकडं मालकांच्या डोक्यात धंदा शिरला. म्हणाले, "सात! महिन्याला सात! ससेपालन!" ह्या माणसानं इमू बघितला, इमू बुडाला. 2019 ला कडकनाथ कोंबड्यांत अख्खा जिल्हा बुडाला, त्यात आमचा बी एक हप्ता. मी म्हटलं, आधी ऑस्ट्रेलियाला विचारा. 1859 साली थॉमस ऑस्टिन म्हणून एका साहेबानं शिकारीच्या हौसेपायी डझन-दोन डझन ससे सोडले. 1907 पर्यंत त्या सरकारला तीन हजार किलोमीटरच्या वर कुंपण घालाय लागलं, तरी ससे पलीकडं गेलेच. आपली महापालिका 1972 ची, हद्दवाढीची बोंब अजून चालूच हाय. ससे सोडा. दोन वर्षांत हद्द आपोआप कागलपर्यंत जाती.

(खोक्याजवळ खाली बसते. आवाज उतरतो.)

एका रात्री मला झोप येईना. पिंजऱ्याजवळ जाऊन बसलो, दिवा न लावता. सगळ्यांत बारकं होतं ते ढिगातनं बाहेर सरकलेलं, हाताला गार लागलं. माणसाचा हात लागला की आई टाकून देती, असं सगळे सांगायचे. डॉक्टर म्हणाले होते, खोटं हाय ते, आधी ऊब द्या, मग ठेवा. पदरात धरून बसलो. पहाटं बबली आली. ढिगावर उभी राहिली, पाजलं, आणि गेली. कुणी बघितलं न्हाई, कुणी काय म्हटलं न्हाई.

मला माझी खोली आठवली. येणारा प्रत्येक जण पोरीकडं बघायचा. नाक कुणाचं, कपाळ कुणाचं. माझ्याकडं कुणी बघतच नव्हतं. एक दिवस मागच्या दारानं आक्का आल्या. पोरीकडं बघितलंच न्हाई त्यांनी. पदराखालनं पांढऱ्या रश्श्याची वाटी काढली, माझ्या हातात दिली, आणि विचारलं, "तू जेवलीस का गं?"

(मोठा थांबा.)

वाटी रिकामी होईपर्यंत बसल्या. मग उठल्या, पाळण्यात डोकावल्या.

(आक्का) "पोरगी मातूर सावळी हाय हां!"

(ताडकन उठून) ते बारकं जगलं बरं का! अकराव्या दिवशी डोळं उघडलं त्यानं, आणि आता तेच सगळ्यांना तुडवत फिरतंय. वाटपाचा प्रश्न आला तेव्हा दोन शिवाजी पेठेत ठरली, तर मंगळवार पेठ म्हणाली, "आम्हाला तीन!" सशावरनं पेठापेठांची फुटबॉल मॅच पेटायची वेळ आली.

डॉक्टर परत आले. म्हणाले, "छान आहेत सगळी. नर कुठं ठेवलाय?"

म्हटलं, "हितंच की. तिच्याच पिंजऱ्यात."

"कधीपासनं?"

"पयल्यापासनं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. पुसला. "वैनी, मादी ज्या दिवशी वीत्या त्याच दिवशी परत गाभण राहू शकत्या. एकतीस दिवस मोजा."

मी बबलीकडं बघितलं. बबलीच्या तोंडात गवत!

आक्का घरी पळाल्या. डिंक काढायला.

डॉक्टर म्हणाले, "आता एकच उपाय. नराचं ऑपरेशन करून टाकू. बारकंसं हाय. सकाळी आणायचा, संध्याकाळी घरी."

मालक खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर खाली आला. पिंकराव आणि मालक एकमेकांकडं बघालेत. दोघं बी कान टवकारून!

आणि दारातनं आक्का, हातात डिंकाचा डबा, मालकांकडं बोट करून...

(आक्का) "डॉक्टर, एकाच खर्चात दोन हुतील काय?"

(अंधार.)