टाच आणि चवडा

जगात जर्मनी अन् भारतात परभणी, असं आम्ही छातीठोक सांगतो. पण इलेक्ट्रिक गिटारचं वाह पेडल हवं असेल तर यातली दुसरी जागा काही कामाची नाही. इथं ढोलकीची पुडी बदलून मिळते, पेटीचा भाता नीट करून मिळतो, वरातीतल्या बँजोची तार तर कधीही मिळते. वाह पेडल म्हटलं की दुकानदार विचारतो, "कोणत्या सायकलचं?"

त्याचंही चुकत नाही. वस्तूच तशी आहे. ओतीव धातूची जड पेटी आणि वर पायाच्या मापाची डोलणारी फळी. टाच दाबली की गिटार तोंड मिटून कण्हते, चवडा दाबला की तोच सूर जबडा उघडून ओरडतो. फळीखाली एक दातेरी पट्टी असते. ती एका पोटेंशियोमीटरची, म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागं असतो त्याच्या भाऊबंदाची, दांडी फिरवते. सोबतीला तारेचं एक छोटं वेटोळं. दोघं मिळून साधारण चारशे ते दोन हजार हर्ट्झमधला एक अरुंद पट्टा उचलून धरतात आणि पाय हलेल तसा तो वरखाली सरकवतात. आपण 'ऊ'वरून 'आ'वर जातो तेव्हा तोंडाच्या पोकळीत हेच घडतं, फक्त आपल्याला नऊ व्होल्टची बॅटरी लागत नाही.

निवडायचं कसं, हा पुढचा प्रश्न. वेटोळं लाल बरं की पिवळं, यावर जगभरचे गिटारवाले ज्या तावातावानं भांडतात, तेवढ्या तावानं आमच्याकडं फक्त कापसाच्या भावावर भांडतात. मला लाल-पिवळ्याशी कर्तव्य नव्हतं. माझी चिंता धुळीची होती. एप्रिल-मे महिन्यांत परभणीची हवा म्हणजे वारा कमी आणि शेत जास्त. ती धूळ पोटेंशियोमीटरमध्ये शिरली की पाय हलवताच खरखर सुरू. मॉर्ली नावाच्या अमेरिकन कंपनीनं यावर तोड काढलेली आहे: तिच्या पेडलात आत उजेड असतो, फळी तो कमीजास्त झाकते, घासायला काही नाही म्हणून खरखरही नाही. मोह झाला होता. पण आमच्या ऑर्केस्ट्राचा साउंडवाला म्हणाला, "भाऊ, खरखर झाली तर मी फवारा मारून देतो. तो उजेड गेला तर परभणीत कोण लावायचा?" मग 'क्राय बेबी' नावाचं साधं पेडल मागवलं.

या साध्या पेडलाला चालू-बंदचा दिवा नसतो. बटण फळीच्या टोकाखाली दडलेलं, ते चवड्यानं जोर देऊन दाबायचं. ज्यांनी हे बनवलं ते बूट घालून वाजवतात. आमच्याकडं चपला उंबऱ्याबाहेर. अनवाणी अंगठ्यानं ते बटण दाबताना जो स्वर निघतो तो गिटारचा नसतो. साउंडवाल्यानं बटणाचे नट फिरवून ते थोडं वर घेतलं, तेव्हा जरा सुसह्य झालं. फरशीवर पेडल घसरू नये म्हणून खाली सोयाबीनचं रिकामं पोतं घातलं. ॲडॉप्टरचं मात्र त्यानं दम देऊनच सांगितलं: याच्या पिनेत ऋण टोक मधे असतं, वायफायच्या डबीचं बहुधा उलटं, ते लावलं तर आतलं सगळं जळून जाईल. तेव्हापासून बॅटरीच वापरतो. लाइट गेली तरी माझं पेडल चालू असतं. अँप्लिफायर बंद असतो, ती गोष्ट वेगळी.

आईचा आक्षेप यातल्या कशालाच नव्हता.

"पाय कामून हलवायलास? लक्ष्मी टिकत नाही घरात."

बसल्या जागी पाय हलवणारा मुलगा हा आमच्याकडं दारिद्र्याचा अग्रदूत समजला जातो, आणि मी तर पैसे मोजून पाय हलवायचं यंत्र आणलं होतं. त्यात हे वाद्य. वाद्याला चुकून पाय लागला तर वाकून हात लावायचा आणि तो हात कपाळाला टेकवायचा, हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून ठाऊक. दर ठोक्याला तसं करत गेलो असतो तर एका गाण्यात सूर्यनमस्कारांचा वर्षाचा कोटा संपला असता.

"पायपेटी चालते की मग!" मी म्हणालो.

"पायपेटीला पायानं वारा घालतात. सूर हातानं काढतात."

यावर हायकोर्टातही उत्तर मिळालं नसतं. मग मी इतिहास काढला. १९६६ साली कॅलिफोर्नियात थॉमस ऑर्गन नावाच्या कंपनीत ब्रॅड प्लंकेट हा तरुण इंजिनिअर व्हॉक्सच्या अँप्लिफायरमधलं एक महागडं बटण काढून त्या जागी स्वस्तातलं काही बसवत होता. त्या काटकसरीतून हा आवाज सापडला. तो पायानं हलवावा म्हणून त्यांनी जवळ पडलेल्या एका ऑर्गनच्याच पेडलची पेटी उचलली. म्हणजे बघ आई, नाटकातल्या ऑर्गनचाच हा नातेवाईक. आई जरा सैलावली. तिथंच थांबायला हवं होतं. पण मी पुढं सांगितलं की कंपनीच्या साहेबांना वाटलं, हे ट्रम्पेटवाल्यांनाच खपेल; म्हणून क्लाइड मॅकॉय या जुन्या, नामांकित ट्रम्पेटवादकाचं नाव त्याला दिलं, आणि सुरुवातीच्या पेडलांवर त्याची तसबीरसुद्धा छापली.

"कुठं छापली?"

"तळाला."

"म्हणजे पायाखाली?"

खटला तिथंच निकाली निघाला. माझ्या पेडलावर कोणाचीही तसबीर नाही, हे सांगायला पुढची तारीखही मिळाली नाही.

तसं पाहिलं तर त्या साहेबांचा अंदाज अगदीच वाया गेला नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला माइल्स डेव्हिसनं खरोखरच ट्रम्पेटला हे पेडल जोडलं. पण तोवर गिटारवाल्यांनी ते पळवलं होतं. १९६८ मध्ये जिमी हेंड्रिक्सनं त्याला बोलायला लावलं; १९७१ मध्ये 'शाफ्ट' सिनेमाच्या शीर्षकसंगीतात चार्ल्स पिट्सनं तारा दाबून ठेवून नुसती चाका-चाका केली आणि पेडलानं त्यात जीव ओतला. मग आपल्याकडच्या सिनेमांतही खलनायकाची गाडी घाटात वळली की मागून हेच सुरू.

वाजवायला मात्र ते दिसतं तितकं सोपं नाही. गल्लीतले टेलरकाका एकदा म्हणाले, "हे आमचंच काम आहे, सरका." त्यांची टाच आणि चवडा बघण्यासारखे: एक सांधा वाकडा नाही, एक झोल नाही. अडचण एवढीच की पाय सुरू झाला तो थांबेना. मी तार छेडत होतो आणि ते गाण्याला अस्तर लावत होते. नवखे सगळे हेच करतात, प्रत्येक ठोक्याला एक हेलकावा. माझं मत असं की पाय तालाबरोबर नाही, वाक्याबरोबर चालवावा. सूर लांबला की त्याला सावकाश उघडू द्यावं, कधी फळी मधेच धरून ठेवावी आणि गिटारला नाकात बोलू द्यावं.

आमच्या ढोलकीवाल्याला हे पहिल्या दिवशीच कळलं. तो तबलाही वाजवतो. डग्ग्यावर मनगट दाबत नेऊन त्यानं एक 'गुंऽऊ' काढलं आणि म्हणाला, "तुमच्या डब्याचं काम आम्ही हातानं करतो." तांत्रिक फरक आहे: त्याचा सूर सरकतो, माझा सूर जागीच राहून तोंड वाकडं करतो. पण त्याला मी तो सांगितला नाही. सेलूकडच्या एका हळदीत नवरीचे मामा थेट साउंडवाल्याकडं जाऊन विचारून आले होते, "गिटारला सर्दी झालीय का?" त्यानंतर फरक सांगण्याइतकी माझी पत उरली नव्हती.

खंडेनवमीला आमच्याकडं विळीपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. यंदा आईनं गिटारशेजारी पेडलही पाटावर मांडलं. मला वाटलं, अपील मंजूर झालं. तिनं फळीवर कुंकवाचं बोट टेकवलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि म्हणाली, "आता उद्या सोनं लुटेपर्यंत याला पाय लावायचा नाही."

संध्याकाळी दांडियाचा कार्यक्रम होता.

शेवटी ढोलकीवाल्याचा पोरगा, सातवीतला, स्टेजवर माझ्यापुढं मांडी घालून बसला आणि दोन्ही हातांनी फळी डोलवू लागला. त्यानं ना हेंड्रिक्स ऐकलेला, ना शिवणयंत्र चालवलेलं. बापाच्या हाताकडं कान ठेवून तो सूर लांबला की हळूच उघडायचा, मधेच धरून ठेवायचा आणि माझ्याकडं बघून हसायचा. मध्यंतरात मंडळाचे अध्यक्ष वर आले. त्यांनी पोराच्या खिशात शंभराची नोट खोचली, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचंही बरं वाजायलंय. याच्याकडंच शिकता का?"