मॉरिसवाला

एरवी हा गृहस्थ कुठल्याशा कचेरीत हिशेब तपासतो. निवृत्ती जवळ आलेली, गुडघे कुरकुरणारे. पण एक मे उजाडायच्या आत त्याच्या अंगात मॉरिस हा इंग्रजी लोकनाच संचारतो. पांढरी विजार, छातीवर रंगीत पट्ट्यांची फुली, टोपीवर फुलं, नडग्यांना घुंगरं, हातांत ताटाएवढाले पांढरे रुमाल आणि कमरेला बिअरचा मग. ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजच्या मनोऱ्यावरून सहाच्या ठोक्याला गाणं उतरलं की हा रस्त्यात उडी मारतो. उडी म्हणजे जमिनीपासून चार बोटं. उरलेली उंची रुमाल गाठतात.

त्याला काहीही विचारा, उत्तराची सुरुवात ‘अनादि काळापासून’ अशीच. धरणी जागी व्हावी, पीक वर यावं म्हणून म्हणे आदिमानवही असाच नाचायचा. (रुमाल कुठून आणायचा, ते विचारू नये.) या नाचाची इंग्लंडमधली जुन्यात जुनी नोंद १४४८ सालची, तीही लंडनच्या सोनारांच्या जमाखर्चात. हिशेबनिसाला खरं तर भरून यायला हवं. याचं तोंडच उतरतं.

सेसिल शार्पची गोष्ट मात्र तो डोळे पुसत सांगतो. १८९९ साली, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टनमध्ये शार्प नावाच्या संगीतशिक्षकाला दारात मॉरिस नाचणारे दिसले. दुसऱ्याच दिवशी त्याने विल्यम किंबर या कॉन्सर्टिनावाल्या गवंड्याला बोलावून चाली उतरवून घेतल्या आणि मरू घातलेला नाच वाचला. शार्प तेव्हा सासुरवाडीला आला होता, हे आपला माणूस गाळतो. हंगाम मे-जूनमधल्या व्हिट्सन सणाचा असताना ती मंडळी भर थंडीत का नाचत होती, हेही गाळतो. थंडीने बांधकामं बंद, हाताला काम नाही, म्हणून चार पैसे गोळा करायला निघाली होती बिचारी.

‘बायका कधी मॉरिस नाचल्या नाहीत’ हे त्याचं दुसरं पालुपद. पण शार्पने पाहिलेले हे नाच लंडनमध्ये पहिल्यांदा गाजवले ते मेरी नीलच्या एस्पेरान्स क्लबातल्या, शिवणकाम करून पोट भरणाऱ्या मुलींनी, १९०५ च्या सुमाराला. शिकवायला खुद्द किंबर! हे ऐकलं की त्याला एकदम तहान लागते. त्याच्या स्वतःच्या सहाजणांत आज तीन बायका आहेत. ‘तात्पुरती सोय’, तो म्हणतो. सोय बरीच वर्षं चालू आहे, आणि पावलं तिघींचीच तालात पडतात.

संघाचा ‘बॅगमन’ म्हणजे चिटणीस-खजिनदार तोच, त्यामुळे नाच संपला की टोपी फिरवायचं कामही त्याचंच. परवा टोपीत नाणं टाकता टाकता एका तरुणाने सहज विचारलं, ‘हे शिकायला फार अवघड असतं का हो?’ तरुण! चाळिशीच्या आतला! आमच्या बॅगमनने टोपी बगलेत मारली, तिथल्या तिथे गुडघ्यावर बसला आणि त्याने पोराची नडगी मापायला घेतली.